दरपत्रकातले ‘३२००’
शाळेच्या संगणकासाठी रॅम मागवली की दरपत्रकात ‘३२०० मेगाहर्ट्झ’ असे छापलेले आढळते. हे मुळातच चूक. डीडीआर-४ जातीच्या या रॅमचे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे; दर ठोक्याला दोनदा देवघेव, म्हणून ३२००. शिवाय प्रक्रियकाला तो वेग पेलायला हवा ना! २०१९ सालचा इंटेल आय-५ ९४०० अधिकृतपणे २६६६ पर्यंतच जातो. धुळ्याकडे पांझरेवरच्या फडांत बंधाऱ्यात पाणी कितीही असो, शेताला मिळते ते पाटात मावेल तेवढेच.

दरपत्रक सांगत नाही ते महत्त्वाचे. ८ जीबीच्या एका पट्टीऐवजी ४ जीबीच्या दोन योग्य खाचांत बसवल्या, तर पाट दोन होतात. एका पाटाचा हिशेब फळ्यावर करावा: २६६६ दशलक्ष × ८ बाइट, म्हणजे सेकंदाला सुमारे २१ जीबी. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावरचे चित्रही याच पाटांवर पोसले जाते.