नाव नवं, पिस्तूल तेच

मागच्या व्याख्यानात आपण वस्तू आणि तिचं नाव इथवर आलो होतो. आज उदाहरण पिस्तुलाचं घेऊ. दचकू नका, हा प्रश्न बाजारात इतका स्वच्छ क्वचितच सापडतो.

क्रोएशियातल्या कार्लोवात्स शहरात एचएस २००० हे पिस्तूल तयार होई. अमेरिकेत ते आधी याच नावानं, स्वस्तात मिळायचं. २००२ मध्ये इलिनॉयच्या स्प्रिंगफील्ड आर्मरी कंपनीनं ते घेतलं, नाव दिलं एक्सडी, आणि किंमत चढली. कारखाना तोच; सांगाड्यावर क्रोएशियाचं नावही तसंच.

मग जादा पैसे कशाचे? वैशेषिकांनी २४ गुण मोजले, त्यांत ‘नाव’ नाही. नावानं नेम सुधारत नाही. पण खरेदी म्हणजे नुसती वस्तू घेणं नव्हे. हमी, सुटे भाग, जादा मॅगझिन, मापाचं होल्स्टर हे सगळं त्या व्यवहारात येतं. ज्याच्यावर जीव सोपवायचा ते बिघडलं तर पाठवायचं कुठं, हेच ठाऊक नसेल तर ते स्वस्त कसलं? एवढ्यापुरता वाढीव भाव आम्हाला रास्त वाटतो.

वारशाचे पैसे मात्र आम्ही देणार नाही. ते नाव मुळात मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी शस्त्रशाळेचं. ती १९६८ मध्ये बंद पडली, कंपनी निघाली १९७४ मध्ये. दोहोंत नातं नावापुरतंच! आणि ज्याच्याकडे जुनं, नीट चालणारं एचएस २००० आहे, त्यानं ते विकून एक्सडी घ्यायला आम्हाला तरी कारण दिसत नाही.