डोरोथीची वही

इंग्रजी रोमँटिक कवितेचा विषय निघाला की वर्डस्वर्थ, कोलरिज, शेली, कीट्स ही नावे ओळीने येतात. डोरोथी वर्डस्वर्थचे नाव निघालेच तर कवीची बहीण म्हणून, आणि तिची रोजनिशी कवितेचा कच्चा माल म्हणून. आम्हीही वर्षानुवर्षे असेच बोलत आलो. ती रोजनिशी सलग वाचल्यावर मात्र ते बोलणे मागे घ्यावेसे वाटते.

डॅफोडिल्सची कविता शाळेत पाठ केलेल्या आमच्या पिढीने ते फूल बहुधा पाहिलेही नव्हते. कवितेतला कवी एकटाच भटकत असतो. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठाने भाऊबहीण दोघे ग्रासमिअरच्या घराकडे परतत होते. वारा विलक्षण होता. डोरोथीच्या नोंदीत तो वारा आहे. आधी चारदोन फुले दिसतात, पुढे त्यांचा लांबच लांब पट्टाच लागतो, आणि काही फुले दमून दगडांवर माना टेकून आहेत. कविता १८०७ साली पुस्तकात आली. तोवर तीतून बहीण गेली होती, वाऱ्याची झुळूक झाली होती, आणि दमलेले फूल एकही उरले नव्हते.

याला चोरी म्हणण्याची रीत पडली आहे, ती आम्हांस पटत नाही. भावाला आनंद व्हावा म्हणूनच तर मे १८०० मध्ये तिने ही वही धरली. पण ‘कच्चा माल’ हा शब्दही तितकाच चुकीचा. कवितेत फुले अखेर कवीच्या मनाची ठेव होतात. डोरोथी त्यांना त्यांच्या जागी, दमलेलीच राहू देते. ही उणीव नव्हे, ही दृष्टी आहे. दाराशी आलेल्या भिकाऱ्यांविषयी लिहिताना, त्यांचे कपडे, त्यांची पायपीट सांगताना, तीच दृष्टी दिसते. हळहळीचा शब्द क्वचितच.

१८०८ साली बर्फात वाट चुकून मरण पावलेल्या ग्रीन दांपत्याची हकीकत तिने लिहिली. ती छापावी असे सुचवले गेले. मागे राहिलेल्या मुलांकडे लोक कुतूहलाने पाहतील म्हणून तिने नकार दिला. हकीकत छापली गेली ती १९३६ साली. लेखिका म्हणवून घेण्याचा तिला तिटकारा होता, हे खरेच. त्यात स्वभाव किती आणि काळाचा धाक किती, हे आता निवडून काढता येत नाही. भावाच्या १८१५ च्या संग्रहात तिच्या कविता आल्या, त्या कवीच्या एका स्नेही स्त्रीच्या म्हणून, नावावाचून.