बंद वर्तुळातला बुद्ध

गेल्या वर्षी मुंबईतील एका संग्रहालयात व्हिडिओ-कलेच्या आरंभकाळावर प्रदर्शन भरले होते. प्रदर्शनाला जोडून व्याख्याने, चर्चा, मार्गदर्शनपर फेऱ्या असा भरगच्च कार्यक्रम होता आणि पत्रिकेवर छापले होते, 'सर्वांसाठी खुला'. 'सर्व' या शब्दाचा आपल्याला जुना अनुभव आहे. महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने आधीच खुले झाले होते. तरी ते खरोखर खुले करण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. ठराव आणि पाणी यांत जे अंतर असते ते आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजत आलो आहोत.

मी कल्याणपलीकडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. चौदा विद्यार्थ्यांना घेऊन मी त्या व्याख्यानाला गेलो. व्याख्यान इंग्रजीत होते. वक्ते जाणकार होते, पण ते बोलत होते पहिल्या दोन रांगांशी. पडद्यावर नाम जून पाइक या कलावंताच्या 'टीव्ही बुद्ध' या कृतीचे छायाचित्र आले, तेव्हा आमची मुले सावरून बसली. व्याख्यानानंतर दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने हात वर केला आणि मराठीत विचारले, "या बुद्धाच्या मागे आम्ही जाऊन उभे राहिलो, तर आम्ही टीव्हीत दिसू का?" सभागृहात थोडे हसू फुटले. सूत्रसंचालकांनी वेळ संपल्याचे सांगितले आणि चहा बाहेर आहे असे जाहीर केले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळाले नाही. ते शोधावे म्हणून हा लेख.

पाइक १९३२ साली सोलमध्ये एका सधन कुटुंबात जन्मला. युद्धामुळे १९५० साली कोरिया सुटला, पुढे जपान आणि मग जर्मनी. मार्च १९६३ मध्ये जर्मनीतील वुप्परटाल येथे त्याने जे प्रदर्शन मांडले, तेथून व्हिडिओ-कलेची सुरुवात मानतात. तेथे व्हिडिओची फीत नव्हती. होते ते आतल्या तारा फिरवलेले टीव्हीसंच. प्रदर्शन संध्याकाळी उघडत असे, कारण जर्मन दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण त्याच वेळी चाले आणि पाइक त्या चित्रालाच वाकवत होता. एका संचाला ध्वनिक्षेपक जोडलेला होता. प्रेक्षक बोलला की पडद्यावर ठिपके उसळत. एक संच पायाच्या बटणाने चाले. म्हणजे या कलेच्या जन्मातच एक बंड होते. टीव्ही बोलणार आणि माणसे ऐकणार, हा एकतर्फी कारभार पाइकला मोडायचा होता. प्रेक्षकाने तोंड उघडल्याशिवाय त्या संचावर काही घडतच नव्हते.

आता या कलेचा गौरव करणारी सभा पाहा. एक जण बोलतो, शंभर जण ऐकतात, आणि ज्याने तोंड उघडले त्याला चहाकडे पाठवले जाते. ज्या टीव्हीविरुद्ध पाइकने तारा फिरवल्या, तोच टीव्ही व्यासपीठावर येऊन बसला होता! संग्रहालयातील प्रस्थापितांना ही विसंगती दिसत नाही, कारण बोलणाऱ्याच्या जागी ते स्वतः असतात.

'टीव्ही बुद्ध' ही कृती १९७४ सालची. बुद्धाची जुनी मूर्ती, तिच्यासमोर टीव्ही, टीव्हीमागे कॅमेरा. कॅमेरा मूर्तीवर रोखलेला असतो आणि त्याच क्षणीचे तिचे चित्र तिच्यासमोर दिसत राहते. बुद्ध बुद्धाला पाहतो, तिसरे कोणी नाही. आमच्यातला एक मुलगा परतताना लोकलमध्ये चिडून म्हणाला, "सर, बुद्धाला टीव्ही बघायला बसवलंय, ही चेष्टाच नाही का?" त्याचा राग मला समजतो. १९५६ नंतर बुद्ध आपल्या घरात आला तो शोभेची वस्तू म्हणून नाही. बाबासाहेबांना उघड्या डोळ्यांचा बुद्ध हवा होता, अशी आठवण सांगितली जाते. स्वतःतच बुडालेला बुद्ध आपला नव्हे, दुःखितांकडे चालत जाणारा बुद्ध आपला.

तरीही मी त्या मुलाशी सहमत झालो नाही. पाइकने चेष्टा केलीच असेल तर ती बुद्धाची नाही, स्वतःच्या प्रतिमेत अडकलेल्या माणसाची. १९७४ सालीच कलोनमध्ये तो स्वतः बुद्धाच्या जागी त्या टीव्हीसमोर बसला होता. शिवाय या कृतीत एक फट आहे आणि आमच्या विद्यार्थिनीने ती छायाचित्रावरूनच हेरली. कॅमेऱ्याला मूर्ती आणि परका माणूस यांतला भेद कळत नाही. मूर्तीमागची जागा मोकळी असेल, तर तेथून जाणारा कोणीही त्या चित्रात येईल. मग तो झाडूवाला असेल, पहारेकरी असेल, नाहीतर कल्याणपलीकडून आलेली मुलगी असेल. मागे भिंत उभी केली, दोरी बांधली, की वर्तुळ बंद. तेव्हा तिच्या प्रश्नाचे उत्तर असे : होय, दिसाल, पण मांडणी करणाऱ्याने जागा मोकळी ठेवली तर. अशी जागा मोकळी ठेवणे, एवढेच संग्रहालयाच्या सार्वजनिक कार्यक्रमाचे काम आहे. ते झाले नाही, तर कलावंत, समीक्षक आणि संयोजक एकमेकांची प्रतिमा पाहत बसतात. सभागृहात त्या दिवशी तेच चालले होते.

असा कार्यक्रम पाइकने स्वतः करून पाहिला होता. १९८२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्याचे मोठे प्रदर्शन भरले. तेव्हा त्याने १९६४ साली बनवलेला आपला यंत्रमानव संग्रहालयातून बाहेर काढला आणि मॅडिसन अॅव्हेन्यूच्या फुटपाथवरून चालवला. रस्ता ओलांडताना त्याला मोटारीची धडक बसली. पाइकने या घटनेला एकविसाव्या शतकातील पहिला अपघात म्हटले. कलेने संग्रहालयाची पायरी उतरावी, रहदारीत सापडावी, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. पण पुढचा तपशीलही लक्षात ठेवावा लागतो. मोटार चालवणारा माणूस विल्यम अॅनास्टासी हा पाइकसारखाच एक कलावंत होता. सारे आधी ठरलेले होते. अपघातसुद्धा आमंत्रितांमधलाच! कला रस्त्यावर आली, पण रस्त्यावरचा माणूस बघ्याच राहिला. मुंबईच्या रस्त्यांवर आपल्या माणसांना जे अपघात होतात, त्यांचे निमंत्रण कोणी पाठवत नाही.

आपल्याकडचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. मे १९९८ मधील पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर नलिनी मालानी यांनी मंटोच्या 'टोबा टेकसिंग' कथेच्या आधाराने एक व्हिडिओ-मांडणी केली. १९९९ साली ती त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दाखवली गेली. तिच्यात टीव्हीसंच ठेवले होते पत्र्याच्या ट्रंकांत. फाळणीत घर सोडून निघालेल्यांच्या त्या ट्रंका. आमच्या घरातही अशी एक ट्रंक आहे. आजोबांनी गावाहून आणलेली. तिच्यात एक गोधडी, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचा दाखला आणि बाबासाहेबांचा एक फोटो. मी ती मांडणी प्रत्यक्ष पाहिली नाही, तेव्हा मी लहान होतो. वर्णन वाचले तेव्हा मला कोणाच्याही स्पष्टीकरणाची गरज पडली नाही. ट्रंक म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, त्याला ती कला अर्धी आधीच कळलेली असते. उरलेली अर्धी कळण्यासाठी संवाद लागतो, आणि तो दोन्ही बाजूंनी लागतो. अणुबॉम्ब, फाळणी, मंटो हे जाणकाराने सांगावे. ट्रंकेचे वजन आमच्या आईने सांगावे. असा कार्यक्रम भरला तर त्याला मी सार्वजनिक म्हणेन.

आपल्याला हे नवे नाही. भीमराव कर्डकांचे जलसे वस्तीत जात. समोर बसलेल्यांच्या भाषेत बोलत, त्यांच्याच जगण्यातले प्रसंग उभे करीत. तेथे श्रोता हा अडाणी विद्यार्थी नव्हता, चळवळीतला सोबती होता. कलेसोबतचा विचार लोकांपर्यंत कसा न्यायचा, हे शिकायला परदेशी जाण्याची गरज नाही. हवी आहे ती आपल्याकडून शिकण्याची तयारी, आणि पांढरपेशा अभिरुचीचे नेमके तेथेच अडते.

म्हणून संग्रहालयांकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. व्याख्यान मराठीत, निदान मराठीतही व्हावे. रविवारी व्हावे, कारण कामाच्या दिवशी आमची माणसे कामावर असतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चैत्यभूमीवर येणारी माणसे पुढे मुंबई पाहायला निघतात. त्या आठवड्यात दार उघडे असावे आणि दारात विचारपूस करणारा माणूस असावा, नुसता पिशव्या तपासणारा नव्हे. आणि प्रश्नांना शेवटची पाच मिनिटे न देता पहिला अर्धा तास द्यावा.

मागणी आपल्याकडेही आहे. ही परक्यांची कला, तिच्याशी आपल्याला काय देणेघेणे, असे आपले काही मित्र म्हणतात. हा नकार मला विद्रोह वाटत नाही, माघार वाटते. आज वस्तीतल्या पोराच्या खिशात कॅमेरा आहे. त्याने तो स्वतःवरच रोखून ठेवला, तर तोही त्या बंद वर्तुळात बसला. तो कॅमेरा वळवून काय दाखवायचे, याचा विचार आपल्या लेखकांनी आणि शिक्षकांनी त्याच्याबरोबर बसून करायचा आहे.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या व्याख्यानाची पत्रिका आली की मी तिला पुन्हा घेऊन जाणार आहे. हात वर करायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत चहाला उठायचे नाही, एवढे आमचे ठरले आहे.