‘उपासमारी’चे रूपक : अर्बुदांच्या रक्तपुरवठ्याविषयीच्या लेखनाचे परीक्षण

शास्त्रीय कल्पनेबरोबर तिचे रूपकही रूढ होते, आणि कल्पनेत सुधारणा झाली तरी रूपक पुष्कळदा तसेच राहते. अर्बुदांतील नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या उपचारांविषयीचे लेखन या दृष्टीने परीक्षणीय आहे. ‘रसद तोडली की गाठ उपाशी मरते’ हे विधान त्यात इतके सरसकट आढळते की, तो सिद्धान्त आहे की अलंकार, हा प्रश्न वाचकास पडतच नाही.

या विचाराचा मूलाधार म्हणजे बॉस्टन येथील शल्यचिकित्सक जूडा फोकमन यांचा १९७१ सालचा निबंध. नव्या केशवाहिन्या फुटल्यावाचून घन अर्बुद दोनतीन मिलिमीटरांपलीकडे वाढू शकत नाही. अर्बुदच एक द्रव्य स्रवून या वाहिन्यांच्या वाढीस चालना देते. सबब ते द्रव्य निष्प्रभ करावे, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांनी योजिलेल्या संज्ञेचा अर्थ मर्यादित होता : कोवळ्या अर्बुदात नव्या वाहिन्यांचा शिरकाव होऊ न देणे. लोकप्रिय लेखनाने या प्रतिबंधाचा संहार केला. प्रत्यक्षात उपचारासाठी येणाऱ्या पुष्कळ रुग्णांच्या अर्बुदांत वाहिन्यांचे जाळे आधीच पसरलेले असते, हा भेद त्या अर्थविस्तारात लोपला.

नामकरणाचा इतिहासही बोधप्रद आहे. १९८३ मध्ये सेंगर, ड्वोरॅक प्रभृतींनी वाहिन्या पाझऱ्या करणारा एक घटक वर्णिला. १९८९ मध्ये फेरारा प्रभृतींनी वाहिन्यांच्या अस्तरपेशींची वाढ करणारा घटक वेगळा काढला. दोन्ही एकच प्रथिन ठरले. ‘वाढ’ सांगणारे नाव टिकले. ‘पाझर’ सांगणारे मागे पडले.

या प्रथिनास बांधून ठेवणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधास अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात रसायनोपचारास त्याची जोड दिली असता मध्यक जीवितकाल १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेला. येथेच रूपक अडखळते. वाहिन्या तोडावयाच्या, तर रसायन गाठीत पोचावे कसे? राकेश जैन यांनी २००१ मध्ये याचे एक उत्तर सुचविले : अर्बुदाच्या वाहिन्या वेड्यावाकड्या व पाझऱ्या असतात, उपचाराने त्या काही काळ सुस्थितीत येतात व औषध अधिक चांगले वाहून नेतात. मागे पडलेल्या नावातील अर्थ अशा रीतीने पुन्हा पुढे आला. हे सर्व कोड्यांचे उत्तर नव्हे. परंतु ‘उपासमार’ या शब्दात त्यास जागाच नाही, हे निश्चित.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी याच औषधास अमेरिकेत २००८ मध्ये त्वरित मान्यता दिली गेली. रोगाची वाढ लांबते, परंतु आयुष्य वाढल्याचे दिसत नाही, म्हणून २०११ मध्ये ती काढून घेण्यात आली. ‘उपाशी मरते’ या क्रियापदावर ज्याने भिस्त ठेविली, त्यास हा निर्णय अनाकलनीय वाटल्यास नवल नाही.

मराठी लेखकास येथे एक सोय आहे. पाश्चात्त्य संज्ञेतील ग्रीक पद ‘पात्र’ एवढेच सांगते. आपली ‘वाहिनी’ ‘वह्’ धातूपासून आलेली, वाहून नेणारी आहे. ती अन्न नेते, तसे औषधही नेते. तेव्हा ‘वाहिनीवृद्धिरोधक’ असे नाव योजावे, ‘रोखणे’, ‘लांबविणे’ ही क्रियापदे वापरावीत, आणि ‘मारणे’ हे क्रियापद पुरावा मिळेल तेथेच खर्चावे.