बदलीनंतरची वही

घर बदलताना काय हरवते याची यादी प्रत्येक बिऱ्हाडाची वेगळी असते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले वाडवडिलांचे घर सोडून आम्ही गोंदियात भाड्याच्या दोन खोल्यांत आलो आणि माझी रोजनिशी थांबली. वह्या हरवल्या नव्हत्या. तांदळाच्या कोठीत सुखरूप होत्या. तरी चौदा महिने एक ओळ उतरली नाही. त्या काळात मारुती चितमपल्ली पुन्हा वाचायला घेतले, ते एका प्रश्नासाठी : नोकरीची सारी वर्षे ज्याची बदल्यांत गेली, त्या माणसाचे आत्मपर लेखन टिकले कसे?

चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, घरची भाषा तेलुगू. कोइमतूरला वनशिक्षण घेऊन ते वनखात्यात आले. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट असे त्यांचे मुक्काम झाले. नवेगावबांध तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तलाव, भोवती सात बहिणींचे डोंगर, हिवाळ्यात उतरणारे पक्षी आणि माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा जाणता सोबती. हे सारे आमच्या भागातल्या वाचकाला घरचे वाटते. पण ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांच्या पुस्तकाचे नाव जरा थांबून वाचावे. मुक्कामी असलेला माणूस ‘दिवस’ म्हणत नाही. तो शब्द गाव सोडून गेलेल्याचा आहे.

‘चकवाचांदण’ या आत्मकथनाबद्दल माझा जुना आक्षेप होता की त्यात रान फार आणि ‘मी’ कमी. तो आक्षेप आता मागे घेतो. बदलीच्या माणसाला अंगण, आड, शेजार काहीच सोबत नेता येत नाही. नेता येते ती वही, आणि वहीत नोंदलेली नावे. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार असे शब्द त्यांनी मराठी वाचकाच्या हाती दिले. ‘शब्दांचं धन’ हे शीर्षक मला त्यामुळे अगदी हिशेबी वाटते. हे धन सामान चढवता-उतरवताना फुटत नाही. ‘पक्षिकोश’ २००२ मध्ये आला आणि ‘चकवाचांदण’ २००५ मध्ये. आधी नावांचा कोश, मग स्वतःची गोष्ट. प्रकाशनाचा क्रम हा लेखनाचा क्रम नव्हे, हे मान्य. तरीही त्यांच्या गद्याची चाल हीच आहे. पाखरू, झाड, वेळ, पाणी यांची नोंद पुढे चालते आणि ‘मी’ तिच्या मागून येतो.

मात्र या वाचनात एक जागा मला रिकामी वाटते. बदलीचा हुकूम साहेबाच्या नावाने निघतो. भांडी गुंडाळतो कोण? रानाला त्यांनी जेवढी पाने दिली, त्या मानाने संसार हलवण्याला फार थोडी दिली.

ही जागा भरायला गोंदियाहून पूर्वेकडची गाडी धरावी लागते. डोंगरगडच्या पुढे राजनांदगाव लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भटक्या संसाराचा एक मुक्काम तिथे होता. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या संसाराची उरलीसुरली घडीही विस्कटली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त घर मोडणे आणि पुन्हा मांडणे हाच विषय होतो, कारण ते काम त्यांच्याच हातांनी झाले होते. या लेखनाला निमित्तही दुसऱ्याचे होते : मुलाला, देवदत्तांना, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी आले. राजनांदगाव तेव्हा चाळीसेक वर्षे मागे पडले होते.

एकाने पक्ष्यांच्या निमित्ताने लिहिले, दुसरीने नवऱ्याच्या. स्वतःकडे दोघेही आडवाटेने आले. घर उखडल्यावर थेट ‘मला काय वाटते’ असे लिहायला बसणारा माझ्यासारखा माणूस चौदा महिने कोऱ्या पानापुढे का बसून राहतो, त्याचे उत्तर मला इथे सापडले. मन सांगण्याआधी नव्या जागेतल्या वस्तूंची ओळख व्हावी लागते. आणि ती ओळख करून घेण्याचे काम घरात बहुधा कुणीतरी आधीच करत असते.

चितमपल्ली निवृत्तीनंतर नागपुरात राहिले, उतारवयात सोलापूरला परतले आणि १८ जून २०२५ रोजी तिथेच गेले. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी कोठीतून वही काढली. काय लिहावे सुचेना, म्हणून पत्नीला विचारले, जुन्या घरी काय काय राहिले? ती भाजी निवडता निवडता सांगत गेली : पाटा-वरवंटा, तुळशीचे वृंदावन, देवळीतला आरसा, मागच्या दाराची कडी. चौदा महिन्यांत मी हे विचारलेच नव्हते. तिने सांगितले तसेच उतरवून घेतले आणि वर तारीख घातली.