खेळण्यांच्या पेटीतला मनू

मुलीच्या हाती भातुकली आणि मुलाच्या हाती बंदूक किंवा मोटार देण्याच्या रिवाजावर स्त्रीमुक्तीच्या चळवळीने पुष्कळ टीका केली आहे. मुलीला कळायच्या आधीच चुलीला बांधण्याचा हा डाव आहे, असा या टीकेचा आशय. तो खोटा नाही. परंतु ही टीका बहुधा ज्या घरांतून येते, त्या घरांत खेळ आणि काम यांच्यामध्ये एक भिंत असते. ज्यांच्या घरात ती भिंतच नव्हती, त्यांच्या मुलींचे काय? दलित विचाराला खेळण्यांची चिकित्सा करायची असेल तर सुरुवात येथून करावी लागेल.

भातुकली म्हणजे काय? बोटभर उंचीची चूल, जाते, पाटा-वरवंटा, खलबत्ता, बंब, सुपली. तांब्या-पितळेचा हा चिमुकला संसार सुखवस्तू घरांत आजीकडून नातीकडे येत असे. चुरमुरे, गूळ, शेंगदाणे यांची पंगत वाढता वाढता मुलगी उद्याच्या गृहिणीपणाची तालीम करी. पण मजुरी करणाऱ्या बाईच्या मुलीला या तालमीची गरज कधी पडली? आई रोजावर गेली की सातव्या-आठव्या वर्षी ती खऱ्याच चुलीपुढे बसली. तिच्या कडेवर बाहुली नव्हती, धाकटा भाऊ होता. फुटक्या खापरांची भांडी मांडून तीही खेळली असेल, पण हाक आली की तो खेळ मोडून उठावे लागे. व्यवस्थेने एका मुलीला कामाचे खेळणे दिले आणि दुसरीला खेळण्याच्या वयात काम दिले. दोघींचे बंधन एकाच दोराचे आहे, हे खरे. पण दोघींच्या मानेवरचा काच सारखा नाही.

भातुकलीतल्या त्या सुपलीकडेच पाहा. सुपल्या-टोपल्या विणणारे हात कोणाचे? ऊर्मिला पवार यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे नाव 'आयदान' असे आहे. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेली सुपे, टोपल्या अशी वस्तू. लेखिकेची आई अशी आयदाने विणून घर चालवीत होती. म्हणजे एका घरात जे मुलीचे खेळणे, तेच दुसऱ्या घरात आईच्या बोटांत शिरलेले कूस. भातुकलीच्या कौतुकाचे लेखन आपल्याकडे उदंड झाले. त्यात सुपली असते. ती विणणारी बाई नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या पुस्तकात मांडले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. कोणी काय करायचे ते त्याच्या जन्माने ठरते. आवड, कुवत यांचा प्रश्नच उद्भवत नाही. हा विचार खेळण्यांच्या पेटीला लावून पाहावा. मुलगी म्हणून जन्मली, तिला चूल. मुलगा म्हणून जन्मला, त्याला चाक. त्यांना काय आवडते हे कोणी विचारीत नाही. नियम तोच आहे. फक्त जातीच्या जागी लिंग आले आहे. म्हणून खेळण्यांतील स्त्री-पुरुषभेद हा जातीपासून अलग असा, बायकांचा किरकोळ प्रश्न नव्हे. जन्मावरून काम वाटून देण्याच्या धर्माचा तो पहिला धडा आहे.

बाहुला-बाहुलीच्या लग्नात हा धडा पुरा होतो. वरपक्ष रुसतो, वधूपक्ष मनधरणी करतो, मुले मानपान हुबेहूब वठवतात आणि मोठी माणसे कौतुकाने हसतात. बाहुलीला मात्र कोणी विचारीत नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, जात तगते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या नियमावर. आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह हे तो नियम राखण्याचे मार्ग होते. जातीचा खुंटा विवाहात रोवलेला असेल, तर विवाहाची पहिली तालीम देणाऱ्या खेळाला निरागस कसे म्हणावे?

आता हा प्रश्न आपल्या घरात आणू. शिक्षणाने, नोकरीने आपल्यातील काही कुटुंबांच्या हाती प्रथमच खेळणी विकत घेण्याइतका पैसा आला. ज्याला स्वतःला खेळणे मिळाले नाही, त्या बापाला मुलांसाठी दुकानात शिरणे हीच मुक्तीची खूण वाटते. ते स्वाभाविक आहे. पण तो आणतो काय? मुलाला बॅट आणि मोटार. मुलीला गुलाबी डब्यातला किचन सेट. आजीची धुराची चूल मोठ्या कष्टाने सुटली, तर नातीच्या पुढ्यात प्लॅस्टिकची चूल आली! ही प्रगती नव्हे, प्रस्थापितांच्या दिवाणखान्याची नक्कल आहे. बाजार तर ही जुनी वाटणी नव्या रंगात विकायला टपलेलाच असतो. १९९२ साली अमेरिकेत बार्बी नावाच्या बोलक्या बाहुलीच्या तोंडी गणिताचा तास अवघड असतो, असे वाक्य घातले होते. टीका झाल्यावर कंपनीला ते काढावे लागले. जातीमुळे ज्या मुलीच्या बुद्धीवर आधीच शंका घेतली जाते, तिला घरचे खेळणेही हेच सांगू लागले तर तिने कोणाकडे पाहावे?

समाजाची प्रगती आपण त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. त्या मापाने आपली घरे मोजावीत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरच्या बिनपगारी कामाला हात लावणारे पुरुष शेकडा २६ होते आणि स्त्रिया शेकडा ८१. यात आपल्या घरांचा वाटा नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

यावर मुलीच्या हातातली भातुकली काढून घेणे हा उपाय नव्हे. रांधणे हलके नाही. ते विशिष्ट माणसांच्या माथी जन्माने मारले म्हणून हलके ठरले. झाडण्याचे, चामड्याचे काम असेच हलके ठरवले गेले. तेव्हा भातुकली मुलापुढेही मांडावी आणि चाके, पाने, स्क्रू मुलीपुढेही. आपण मनुस्मृती जाळली ती १९२७ साली, महाडला. तिचे एक पान मुलांच्या खेळण्यांत दडून राहिले आहे. ते आपल्याच हातांनी काढले पाहिजे.