हौशी पिस्तुलांतील पोलाद : झीज, गंज आणि नावाची भुरळ

शेफील्ड येथील ब्राउन-फर्थ संशोधनशाळेत हॅरी ब्रिअर्लीने १९१३ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले, तेव्हा त्याच्यापुढील प्रश्न गंजाचा नव्हता. बंदुकीच्या नळ्या तप्त वायूंच्या माऱ्याने आतून झिजत. ती झीज थोपवणारी धातू त्याला हवी होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुन्यावर आम्लाची क्रिया करावी लागते. हा नमुना आम्लाला दाद देईना. त्यातून सुऱ्याकाट्यांचे पोलाद जन्मास आले. संपूर्ण स्टेनलेस रिव्हॉल्व्हर बाजारात येण्यास मात्र १९६५ साल उजाडावे लागले.

झीज आणि गंज हे दोन निराळे विकार होत. एकावरचा उपाय दुसऱ्यावर आपोआप लागू पडत नाही. हौशी कारागिरांच्या शस्त्रांत हा भेद वारंवार पुसला जातो, आणि त्याचे मूळ ‘स्टेनलेस’ या नावाच्या भुरळीत आहे.

हा छंद मुख्यतः अमेरिकेतला. (भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून शस्त्रनिर्मिती करता येत नाही.) जॉन ब्राउनिंगने आखलेल्या आणि १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या पिस्तुलाचे भाग अनेक उत्पादक करतात, ते घासून, जुळवून आपल्या मनाजोगते शस्त्र सिद्ध करण्यात तेथील हौशी मंडळी मोठे कौशल्य खर्च करतात. सांधे केसभरही हलू नयेत याची त्यांना जितकी चिंता, तितकी पोलादाच्या जातीची नसते. तेथे ‘स्टेनलेस’ एवढा एकच शब्द पुरेसा मानला जातो.

वास्तविक स्वयंपाकघरातील चांगल्या भांड्याचे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले पोलाद शस्त्राच्या कामाचे नाही. कारण त्याला पाणी देऊन कठीण करता येत नाही. शस्त्रांसाठी बहुधा निवडली जाते ती ४१६ ही जात. तीत क्रोमियम १२ ते १४ टक्के, म्हणजे गंजरोधासाठी जेमतेम पुरेसे. आणि त्यात मुद्दाम मिसळलेले गंधक, किमान ०.१५ टक्का. गंधकामुळे कापताना कीस सुटा पडतो, हत्यार अडत नाही, नळीचे आटे स्वच्छ उतरतात. परंतु हेच गंधक मँगनीजशी संयोग पावून सल्फाइडचे सूक्ष्म कण बनते, आणि क्लोराइडच्या सान्निध्यात गंजाचे खड्डे प्रथम त्या कणांपाशीच पडतात. कारागिराची सोय आणि मालकाची अपेक्षा येथे समोरासमोर उभ्या ठाकतात, आणि कौल कारागिराच्या बाजूने लागतो. नेमबाजाच्या स्पर्धेतील नळीपुरता हा कौल योग्यही आहे. ती नळी गंजण्यापूर्वीच झिजून बदलावी लागते. अंगाशी बाळगण्याच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी.

स्टेनलेस पोलादाचे रक्षण करतो तो क्रोमियम ऑक्साइडचा, मिलिमीटरच्या काही दशलक्षांश जाडीचा पापुद्रा. ओरखडा पडला तर तो पुन्हा धरतो, मात्र त्यासाठी प्राणवायू लागतो. मुठीच्या लाकडी पट्ट्यांखाली घाम झिरपतो, मीठ साचते, हवा पोहोचत नाही. बाहेरून आरशासारखे चकाकणारे शस्त्र तेथे, नजरेआड, कुरतडले जाते. ज्या वस्तूवर जिवाचा भरवसा ठेवायचा तिच्याबाबत ‘हिला गंज चढत नाही’ ही समजूत गंजापेक्षाही घातक. कारण ती पट्ट्या काढून पाहण्याची गरजच नाहीशी करते.

साध्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाविषयी असा गैरसमज कोणी करून घेत नाही. ब्लूइंग म्हणजे पृष्ठभागाचेच काळ्या लोह-ऑक्साइडात केलेले रूपांतर. ते सच्छिद्र असते, तेलावाचून टिकत नाही, हे मालक जाणतो आणि तेल देतो. शिवाय १९७० च्या दशकातील आरंभीच्या स्टेनलेस पिस्तुलांत एकावर एक सरकणारे भाग परस्परांना चिकटून सोलवटत. दोन भागांची जात व कठिणता भिन्न ठेवल्यावर ती तक्रार पुष्कळ कमी झाली. साध्या पोलादाला ती तितकीशी जाचली नव्हती.

यातील सर्वांत मोठा विपर्यास नायट्राइडिंगच्या बाबतीत दिसतो. सुमारे ५७० अंश सेल्सिअसच्या क्षारद्रावात साध्या पोलादात नत्रवायू व कार्बन मुरवून वर ऑक्साइडचा थर दिला, तर ते मिठाच्या फवाऱ्यातही दीर्घकाळ तग धरते. तीच क्रिया स्टेनलेसवर केली तर क्रोमियम नत्रवायूशी बांधले जाते, पापुद्र्यास पुरेसे उरत नाही. कठीणपणा वाढतो आणि गंजरोध घटतो. तरीही ‘दोन्हींचा लाभ’ म्हणून स्टेनलेसवर हा संस्कार हौसेने करवून घेतला जातो. त्यापेक्षा १७-४ ही जात, १५ ते १७.५ टक्के क्रोमियम आणि सोबत निकेल व तांबे असलेली, पुष्कळ विचारपूर्वक केलेली निवड ठरते. कापण्यास ती चिवट, म्हणून हौशी कारागीर तिच्यापासून दूर राहतो.

आणि एवढे करूनही आतल्या स्प्रिंगा पुष्कळदा साध्या कार्बन पोलादाच्या तारेच्याच असतात, बारीक खिळ्याही तशाच. ‘संपूर्ण स्टेनलेस’ म्हणून मिरवणाऱ्या पिस्तुलातील पहिला तांबूस डाग बरेचदा तेथेच सापडतो.